ध्रुवांवर काय लपवलंय? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात भूगोल शिकवतो. वर्गात अक्षांश-रेखांश आले की मुलं हमखास अंटार्क्टिकावर घसरतात. अलीकडे तेच प्रश्न त्यांच्या आई-वडिलांकडून, टपरीवर आणि आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येऊ लागले. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून हे पान. प्रश्न ज्या शब्दांत आले तसेच ठेवलेत, फक्त शिव्या काढल्यात.

अंटार्क्टिकावर सामान्य माणसाला जाऊच देत नाहीत ना?

देतात. पैसे लागतात. तिथला उन्हाळा म्हणजे आपला नोव्हेंबर ते मार्च. अलीकडच्या एकेका हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक जाऊन आलेत, बहुतेक अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून बोटीने. परवानगी लागते हेही खरं, पण नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही लागते. म्हणून तिथे कोणी उडत्या तबकड्या ठेवल्यात असं आपण म्हणत नाही. कचरा परत आणायचा, पेंग्विनच्या फार जवळ जायचं नाही, दगडसुद्धा उचलायचा नाही, असे ते नियम आहेत.

मग एवढ्या देशांनी मिळून करार कशाला केला? एरवी हे देश कशावर एक होत नाहीत.

प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र नीरस आहे. १९५० च्या दशकात सात देश अंटार्क्टिकाच्या तुकड्यांवर हक्क सांगत होते. काही तुकडे तर एकमेकांवर चढलेले होते: ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचा वाद एकाच पट्ट्यावर होता. त्यात अमेरिका आणि सोव्हिएत रशियाचं शीतयुद्ध. उद्या इथेही लष्करी तळ उभे राहतील ही भीती सगळ्यांनाच होती. म्हणून १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये सह्या केल्या. हक्काचे वाद जिथल्या तिथे थांबवायचे, लष्करी हालचाल नाही, अणुस्फोट नाही, संशोधन खुलं. भारत १९८३ मध्ये सामील झाला. खाणकामावरची बंदी १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे या कराराला जोडलेल्या पुरवणी कराराने आली. ती २०४८ मध्ये ‘संपते’ असा मेसेज फिरतो, तो चुकीचा आहे. त्यानंतर फेरविचाराची मागणी करता येईल, एवढंच त्यात आहे.

या करारातलं सातवं कलम कोणी फॉरवर्ड करत नाही. करारात मताचा अधिकार असलेला कोणताही देश दुसऱ्या देशाच्या तळावर कधीही निरीक्षक पाठवू शकतो आणि त्यांना सगळं दाखवावं लागतं. लपवाछपवीसाठी केलेल्या करारात असं कलम कोणी कशाला घालेल?

पण मुळात ध्रुवच का? सहाराच्या वाळवंटाबद्दल इतक्या कहाण्या नाहीत.

या पानावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. माझं उत्तर असं: तिथे जाऊन आलेल्या कोणालाही आपण ओळखत नाही.

आपल्या गल्लीतला कोणीतरी सौदीला असतो. कोणाचा मेहुणा जर्मनीत, कोणाची भाची अमेरिकेत. त्या देशांबद्दल काही ऐकलं की फोन करून विचारता येतं. अंटार्क्टिकावर कायमची वस्तीच नाही. तिथली गोष्ट आपल्यापर्यंत येते ती शास्त्रज्ञ, सरकार किंवा दूरदर्शन यांच्यामार्फत. म्हणजे आपण जे मानतो तेही ऐकीवच असतं. पृथ्वी गोल आहे असं म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी स्वतः काही तपासलेलं नसतं. त्यांनी फक्त वेगळ्या माणसांवर विश्वास ठेवलेला असतो. हे मी मुलांना सांगतो तेव्हा काही सहकाऱ्यांना आवडत नाही. पण इथून सुरुवात केली नाही तर पुढचं सगळं बोलणं वरच्या पायरीवर उभं राहून केल्यासारखं होतं.

रिकाम्या जागेत गोष्टी भरायची खोड माणसाला जुनी आहे. आपल्या परंपरेत मेरू पर्वत उत्तरेला, तिथे देव राहतात आणि त्यांना सूर्य सहा महिने सलग दिसतो. सूर्यसिद्धान्तातलं हे वर्णन ध्रुवाच्या भूगोलाला चांगलंच जुळतं, आणि ते लिहिणारा उत्तर ध्रुवावर गेलेला नव्हता; गणिताने तिथे पोचला होता. इंग्लंडच्या एडमंड हॅलीने १६९२ मध्ये पृथ्वी आतून पोकळ, एकात एक कवचं असलेली असावी असं मांडलं. होकायंत्राची दिशा वर्षागणिक का सरकते, याचं उत्तर तो शोधत होता. १८१८ मध्ये अमेरिकेच्या जॉन सिम्सने पुढची उडी मारली: ध्रुवांवर मोठी भोकं आहेत, चला आत जाऊ. आणि १९०३ मध्ये आपल्या लोकमान्य टिळकांनी वैदिक लोकांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडलं. ऋचांमधल्या लांबलचक उषा त्यांनी पुरावा म्हणून दिल्या.

टिळकांचा सिद्धान्त अभ्यासकांमध्ये टिकला नाही. पण तो कटकथा नव्हता, कारण टिळकांनी आपले पुरावे मांडून ‘तपासा’ म्हटलं. कोणीतरी सत्य दाबून ठेवलंय असा त्यांचा दावा नव्हता. धाडसी कल्पना आणि कटकथा यांच्यात मी एवढाच फरक करतो. कटकथेत पुरावा नसणं हाच पुरावा असतो.

हिटलर अंटार्क्टिकाला पळाला होता. जर्मन तळ होता म्हणतात.

या गोष्टीचे तुकडे खरे आहेत, म्हणून ती इतकी पटते. एकेक तुकडा घेऊ.

जर्मनीचं ‘श्वाबेनलांट’ नावाचं जहाज डिसेंबर १९३८ मध्ये अंटार्क्टिकाकडे निघालं, हे खरं. त्यावरच्या दोन विमानांनी हजारो फोटो काढले, वरून स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे भाले टाकले. उद्देश होता देवमासे. जर्मनीला मार्गारीनसाठी देवमाशाचं तेल लागायचं आणि ते परदेशातून घेण्यात परकीय चलन जायचं. जहाज काही आठवडे तिथे राहून एप्रिल १९३९ मध्ये परतलं. हिवाळा काढायला तिथे कोणी थांबलं नाही, इमारत बांधली नाही.

१९४५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, जर्मनी शरण आल्यावर, दोन जर्मन पाणबुड्या अर्जेंटिनाच्या मार देल प्लाता बंदरात शरण आल्या. हेही खरं. वर्तमानपत्रांनी लगेच विचारलं, आत कोण होतं?

मग १९४६-४७ मध्ये अमेरिकी नौदलाने ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांच्यासोबत ४,७०० माणसं आणि १३ जहाजं अंटार्क्टिकाला पाठवली. हेही खरं. पुढचं युद्ध रशियाशी, बर्फाळ प्रदेशात होईल असं वाटत होतं, त्याची ती तालीम होती. एक विमान कोसळून तिघं मेले. हिवाळा तोंडावर आल्यावर मोहीम आवरली. परतताना बर्ड यांनी एका चिली वर्तमानपत्रासाठी बोलताना इशारा दिला, की शत्रूची विमानं ध्रुवांवरून येऊ शकतात. त्यांच्या मनात कोणता शत्रू होता हे १९४७ च्या वाचकाला सांगावं लागलं नसतं. आजच्या व्हिडिओत त्याच वाक्यातली विमानं तबकड्या होतात.

तीन खऱ्या घटना, मध्ये दोन रिकाम्या जागा. त्या जागा ऐकणारा स्वतःच भरतो, आणि स्वतः भरलेलं माणसाला दुसऱ्याने सांगितलेल्यापेक्षा जास्त पटतं. बर्ड यांची ‘गुप्त डायरी’ म्हणून जी फिरते, तिच्यात ते फेब्रुवारी १९४७ मध्ये उत्तर ध्रुवावर उडून पृथ्वीच्या पोटात जातात. त्या महिन्यात ते दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, शेकडो साक्षीदारांसोबत होते. आणि या ‘दडवलेल्या’ मोहिमेच्या चित्रीकरणातून तयार झालेल्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळालं.

उत्तर ध्रुवावरच्या भोकाचा उपग्रहाचा फोटो मी स्वतः पाहिलाय.

मीही पाहिलाय. पांढऱ्या ढगांच्या चक्राच्या मधोमध काळा गोल, कडा इतकी नीट की कंपासने काढल्यासारखी. फोटो बनावट नाही. ‘एस्सा-७’ या अमेरिकी उपग्रहाच्या २३ नोव्हेंबर १९६८ च्या प्रतिमांचा तो आहे. उपग्रह दिवसभर घिरट्या घालत पट्ट्या-पट्ट्यांनी फोटो काढायचा आणि त्या जोडून एक चित्र व्हायचं. आता तारीख परत वाचा. नोव्हेंबरच्या शेवटी उत्तर ध्रुवावर चोवीस तास रात्र असते. जिथे ऊन नाही तिथे कॅमेऱ्याला काळं दिसलं. पृथ्वी फिरत असताना दिवसभराचे फोटो जोडले, म्हणून काळ्या भागाला गोल कडा आली. १९७० मध्ये उडत्या तबकड्यांच्या एका अमेरिकी मासिकाने तो छापला, आणि तेव्हापासून तो फिरतोय.

आणि तो पिरॅमिड?

अंटार्क्टिकातला पिरॅमिड म्हणून ज्याचा फोटो फिरतो, ते एल्सवर्थ पर्वतरांगेतलं सुमारे १,२६५ मीटर उंचीचं शिखर. खडकाच्या भेगांत पाणी गोठतं, फुगतं, तुकडे पडतात. चारही बाजूंनी झिजलं की असा आकार येतो. स्वित्झर्लंडचं मॅटरहॉर्नही असंच दिसतं. २०१६ मध्ये फोटो पसरला तेव्हा मधली बाजू दाखवली होती, आजूबाजूची ओबडधोबड रांग कापली होती.

विमानं ध्रुवांवरून का जात नाहीत?

उत्तर ध्रुवावरून जातात. एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान जानेवारी २०२१ मध्ये त्या वाटेने आलं, कॉकपिटमध्ये सगळ्या महिला होत्या. दक्षिणेकडे मोठी शहरंच कमी, त्यामुळे त्या वाटेची गरज क्वचित पडते. शिवाय बिघाड झाला तर उतरायला जवळ धावपट्टी लागते.

पृथ्वी सपाट आहे आणि अंटार्क्टिका म्हणजे भोवतालची बर्फाची भिंत, असं माझा भाचा म्हणतो. सर, तुम्ही तरी गेला होता का तिथे?

नाही गेलो. पण जायची गरज नाही, तुमच्या गच्चीवर चला.

भिंतीची गोष्ट हवेतून आलेली नाही. १८४१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस जहाज घेऊन दक्षिणेला गेला तेव्हा त्याच्यापुढे बर्फाचा सरळ उभा कडा आला, पाण्यावर पंधरा ते पन्नास मीटर. आज तिला रॉस हिमपट्टी म्हणतात, आकाराने जवळजवळ फ्रान्सएवढी. तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला ती भिंतच वाटणार.

आता गच्ची. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेला तोंड करा, हात ताठ करून मूठ वळा. एक मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश. क्षितिजापासून जेमतेम पावणेदोन मुठींवर ध्रुवतारा सापडेल. शहराच्या दिव्यांत तो मंद दिसतो, म्हणून हिप्परग्याच्या बाजूला गेलात तर बरं. दिल्लीतला नातेवाईक मोजेल तर त्याला तीन मुठींच्या आसपास येईल, कन्याकुमारीत एकही पुरी भरणार नाही. उत्तर-दक्षिण दर १११ किलोमीटरला एक अंश, सगळीकडे सारखा. सपाट जमिनीवर उंच टांगलेल्या दिव्याचा कोन असा सारखा बदलत नाही. लांब गेल्यावर तो हळूहळू बदलायला लागतो आणि शून्य कधीच होत नाही. विषुववृत्तावर मात्र ध्रुवतारा क्षितिजाला टेकतो.

मग हिवाळ्यात दक्षिणेला वळा. अगस्तीचा तारा आपल्याकडे दोन मुठींएवढा वर येतो. श्रीनगरात तो क्षितिजापासून तीन-चार अंशांवरच रेंगाळतो, लंडनमध्ये उगवतच नाही. भाच्याला एवढंच विचारा, का?

डिसेंबर २०२४ मध्ये एका अमेरिकी धर्मोपदेशकाने पृथ्वी सपाट मानणाऱ्या काहींना थेट अंटार्क्टिकावरच्या युनियन ग्लेशियर तळावर नेलं. सपाट नकाशात तिथे चोवीस तास ऊन पडणं शक्यच नसतं. पडलं. त्यांच्यातल्या एका नावाजलेल्या व्हिडिओवाल्याने कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की आपलं चुकत होतं. घरी बसलेल्या काही अनुयायांनी मात्र ठरवलं की तो विकला गेला. बर्फाची गोष्ट क्षणात माणसाच्या इमानावर आली.

म्हणजे सरकारं काही लपवतच नाहीत?

असं कोण म्हणेल? १९३० मध्ये ज्या शहरात मार्शल लॉ लागला आणि ज्याचे चार हुतात्मे पुढे १९३१ मध्ये फासावर गेले, त्या सोलापुरात तरी कोणी म्हणू नये.

बर्फाखालीही लपवलंय. ग्रीनलंडमध्ये अमेरिकी लष्कराने १९५९-६० मध्ये बर्फात बोगदे खणून ‘कॅम्प सेंच्युरी’ नावाचं गाव वसवलं, आत छोटी अणुभट्टी. जगाला सांगितलं, संशोधन चाललंय. खरा बेत शेकडो अणुक्षेपणास्त्रं बर्फाखाली ठेवायचा होता, आणि ज्याची जमीन त्या डेन्मार्कलाही तो सांगितला नव्हता. बर्फ सरकत होतं, बोगदे दबत होते, १९६७ पर्यंत सगळं सोडून द्यावं लागलं. १९९० च्या दशकात डॅनिश चौकशीत कागद बाहेर आले. गंमत म्हणजे देखावा म्हणून सांगितलेलं संशोधनही खरंच झालं: तिथे जवळजवळ १,४०० मीटर खोल काढलेला बर्फाचा गाभा, म्हणजे नळकांड्यासारखा नमुना, आजही हवामानशास्त्रात वापरतात.

आपल्याकडचं उदाहरण नंदादेवीचं. १९६५ मध्ये चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान ठेवायला भारत-अमेरिकेच्या गुप्तचरांनी प्लुटोनियमवर चालणारं यंत्र डोंगरावर चढवलं. हवामान बिघडलं, ते वाटेत ठेवून खाली आले, पुढच्या हंगामात ते जागेवर नव्हतं. आजतागायत सापडलेलं नाही. १९७८ मध्ये बातमी फुटली आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंना लोकसभेत निवेदन करावं लागलं.

खरी गुपितं अशी असतात. त्यांना बजेट असतं, पुढे कागद आणि कचरा सापडतो. त्यात फजिती असते, आणि दहा-वीस-तीस वर्षांत कोणीतरी बोलतं. शंभर देशांनी, एकमेकांच्या शत्रूंनी, दीडशे वर्षं न चुकता सांभाळलेलं गुपित हा वेगळा प्रकार झाला. आपल्या भावकीत लग्नाची बोलणी आठ दिवस गुप्त राहत नाहीत.

अलास्कातून पाऊस फिरवतात म्हणे. आपल्याकडे ढग येतात आणि निघून जातात ते त्यामुळेच?

‘हार्प’ नावाचं केंद्र अलास्कात गाकोना इथे आहे: १८० अँटेनांचं शेत, तिथून आकाशात रेडिओलहरी सोडतात. अभ्यास आयनावरणाचा, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या वरचा. आपले पावसाचे ढग पंधरा-सोळा किलोमीटरच्या खालीच संपतात आणि त्या लहरी त्यांच्यातून अडखळल्याशिवाय जातात. २०१५ पासून ते अलास्का विद्यापीठाकडे आहे. लोकांना आत सोडून दाखवण्याचे दिवसही ठेवतात.

तरी हा प्रश्न सोलापुरात का येतो, ते मला कळतं. पर्जन्यछायेतला जिल्हा. पेरणी झालेली, वर काळे ढग, आणि थेंब नाही. त्यात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने खरोखरच इथून विमानं उडवून ढगांत बीजारोपण केलं, म्हणजे पाऊस पडावा म्हणून बारीक कण सोडले. प्रयोग पाऊस वाढतो का हे बघायला होता, आणि वाऱ्याच्या दिशेच्या भागात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ दिसल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. शेतात उभ्या माणसाने काय पाहिलं? विमान ढगात शिरलं, ढग पुढे गेला, पाऊस पडला नाही. ‘विमानाने ढग पळवले’ हे मी पारावर ऐकलंय, आणि बोलणारा मूर्ख नव्हता. त्याची वर्षाची कमाई गेली होती आणि त्याच्याशी येऊन कोणी दोन शब्द बोललं नव्हतं. ढग आपोआप येतात-जातात यापेक्षा कोणीतरी ते नेले, हे सोसायला सोपं असतं. नेणाऱ्याला निदान शिव्या तरी देता येतात.

शिकलेली माणसंही यात कशी सापडतात?

शिक्षणाने थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. २००८ च्या एका प्रयोगात, आपल्या हातात काही नाही अशी भावना जागवलेल्या लोकांना नुसत्या ठिपक्यांतही आकृत्या जास्त दिसल्या. २००२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना विचारलं, चेन कशी लागते, फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती कळतं? सगळे म्हणाले, चांगलं कळतं. मग समजावून लिहायला सांगितलं, आणि स्वतःला दिलेले गुण त्यांनी स्वतःच कमी केले. अभियंते, डॉक्टर, आम्ही मास्तर, सगळे आपापल्या विषयाबाहेर याच वर्गात बसतो. फक्त आम्हाला मुद्दे मांडायची सवय असते, त्यामुळे चुकीचंही झोकात मांडतो.

तिसरा अभ्यास २०१२ चा. राजकुमारी डायानाचा खून झाला असं ज्यांना पटत होतं, त्यांनाच ती जिवंत आहे हेही जास्त पटत होतं. दोन्ही एका वेळी खरं असूच शकत नाही. ‘अधिकृत सांगतात ते खोटं’ हा पाया एकदा पक्का झाला की वर कोणतीही इमारत चालते. म्हणून तर हिटलरचा तळ, पोकळ पृथ्वी आणि बर्फाची भिंत एकाच चॅनलवर सुखाने नांदतात. पृथ्वी सपाट असेल तर पोकळ कशी, हे तिथे कोणी विचारत नाही.

असू दे की. यात कोणाचं काय नुकसान?

पेंग्विनचं नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली ती माणसं, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. त्यांच्याविरुद्ध पुरावा होता मोबाइलवरचे मेसेज. दक्षिण ध्रुवाच्या गोष्टीने कोणी मरत नाही, हे मान्य. न बघता पुढे ढकलायचं बोट तेच असतं.

वडील रोज असे व्हिडिओ टाकतात. त्यांना कसं सांगू?

ग्रुपवर तर अजिबात नाही. चार नातेवाइकांसमोर ‘अप्पा, हे खोटं आहे’ म्हटलंत की विषय अंटार्क्टिकाचा राहत नाही, मानपानाचा होतो. एकटे असताना विचारा: अप्पा, यातलं तुम्हाला सगळ्यात काय पटलं? बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात, एखादा फोटो, एखादं वाक्य. तेवढंच घ्या, सगळ्या जगाचं खंडन करू नका. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात कटकथा मानणाऱ्यांशी एआयने संवाद केला. माणूस जो पुरावा देईल त्यालाच नेमकं उत्तर दिल्यावर त्यांचा विश्वास सरासरी वीस टक्क्यांनी उतरला, आणि दोन महिन्यांनीही उतरलेलाच होता. यंत्राला एक फायदा आहे: ते चिडत नाही. लेक-सुना चिडतात, मीही चिडतो.

आणि वीस टक्के विश्वास उतरला म्हणजे ऐंशी टक्के तसाच राहिला. एका बैठकीत अप्पा बदलतील ही आशा धरू नका. जमलं तर त्यांना गच्चीवर न्या, मूठ मोजायला लावा.

भारताचं तिथे खरंच काही आहे का? की कागदावरच?

पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये पोचली. ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला तळ पुढे बर्फात गाडला गेला. ‘मैत्री’ १९८९ पासून, ‘भारती’ २०१२ पासून चालू आहे. उत्तरेला नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’ २००८ पासून. १९८३-८४ च्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिला शास्त्रज्ञांपैकी त्या एक, दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता.

मला स्वतःला जायचं असेल तर? शास्त्रज्ञच लागतं का?

नाही. तळ चालवायला शास्त्रज्ञांपेक्षा इतर हात जास्त लागतात: वेल्डर, सुतार, जनरेटरचा मेकॅनिक, क्रेन चालवणारा, इलेक्ट्रिशियन, परिचारक, डॉक्टर, स्वयंपाकी. गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर या जागांच्या जाहिराती येतात. आयटीआय आणि अनुभव असलेल्यांसाठी त्यात बऱ्याच जागा असतात. कडक वैद्यकीय तपासणी होते, मग औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फात राहायचं प्रशिक्षण, आणि पुढे केपटाउनमार्गे प्रवास. हिवाळी तुकडीत निवड झाली तर वर्षभर परत येता येत नाही, हे घरी आधी सांगून ठेवा.